‘सार्थ’ म्हणजे महत्त्वाचे नव्हे

शास्त्रीय लेखांचा अनुवाद करताना काही शब्द दिसावयास साधे असतात आणि तेच सर्वाधिक फसवे ठरतात. इंग्रजीतील ‘सिग्निफिकन्ट’ हा त्यांपैकी एक. व्यवहारात त्याचा अर्थ ‘महत्त्वाचा’ असा होतो. संख्याशास्त्रात मात्र त्याला निराळा आणि काटेकोर अर्थ आहे. मराठीत त्यासाठी कोणी ‘लक्षणीय’ म्हणतात, कोणी ‘सार्थ’. शब्द कोणताही योजला, तरी ‘औषधाचा सार्थ परिणाम दिसून आला’ हे वाक्य वाचताच औषध फार गुणकारी आहे, असाच वाचकाचा ग्रह होतो. त्या वाक्याने एवढे सांगितलेलेच नसते. हा गैरसमज दूर ठेवणे हे अनुवादकाचे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

प्रथम ही कसोटी काय आहे ते पाहू. औषधाचा काहीही परिणाम होत नाही, असे संशोधक आरंभी मानून चालतो. यास ‘शून्य-परिकल्पना’ म्हणतात. ती खरी असेल, तर प्रयोगात दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता किती, हे तो गणिताने काढतो. ही संभाव्यता फार अल्प आली, तर शून्य-परिकल्पना त्याज्य ठरते आणि फरकास ‘सार्थ’ म्हटले जाते. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात विसांत एक, म्हणजे शेकडा ५, ही मर्यादा सोयीची म्हणून सुचविली. पुढे सोयीची रूढी झाली आणि रूढीला नियमाचे रूप आले.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर अ‍ॅस्पिरिनचा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडीने ११,०३७ जणांना एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन आणि ११,०३४ जणांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी देण्यात आली. सुमारे पाच वर्षांच्या निरीक्षणानंतरचा अंतिम अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी १३९ जणांना, तर इतरांपैकी २३९ जणांना हृदयविकाराचा झटका आला होता. शून्य-परिकल्पना खरी असती, तर असा फरक दिसण्याची संभाव्यता लाखात एकाहूनही कमी होती. निष्कर्ष निःसंशय सार्थ होता. परंतु लाभ किती? हजारी हिशेब केला तर २२ च्या जागी १३. म्हणजे पाच वर्षांत हजारी ९ जणांचा झटका टळला. हा लाभ क्षुल्लक नव्हे; पण तो ‘लाखात एक’ या आकड्यातून कळत नाही, तो स्वतंत्रपणेच मोजावा लागतो.

याच अहवालातील दुसरा आकडा अधिक बोधप्रद आहे. मेंदूतील रक्तस्रावाने झालेला पक्षाघात अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत २३ जणांना, तर इतरांत १२ जणांना झाला. येथे संभाव्यता शेकडा ६ च्या आसपास आली. मर्यादा शेकडा ५ ची, म्हणून हा फरक ‘सार्थ नाही’. मग अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव होत नाही असे सिद्ध झाले काय? मुळीच नाही. पुराव्याअभावी सुटलेला आरोपी निर्दोष असतोच असे नाही. पुढे ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ वृद्धांवर, रोज अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात गंभीर रक्तस्राव स्पष्टपणे वाढलेला आढळला आणि हृदयविकारापासून संरक्षणाचा सार्थ पुरावा मिळाला नाही. शेकडा ५ आणि शेकडा ६ यांमध्ये सत्य आणि असत्य यांची सीमारेषा नसते, हे यावरून ध्यानी यावे.

आणखी एक भ्रम सार्वत्रिक आहे. संभाव्यता शेकडा ५ आली म्हणजे निष्कर्ष खरा असण्याची शक्यता शेकडा ९५, असे सुशिक्षितही समजतात. कसोटी शून्य-परिकल्पना खरी मानूनच गणित करते. ती परिकल्पना खरी असण्याची शक्यता किती, याचे उत्तर ती देऊच शकत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली काढलेल्या निवेदनात, केवळ ठरावीक मर्यादा ओलांडली एवढ्यावरून निष्कर्ष काढू नयेत, असे बजावले आहे.

म्हणून वाचकाने ‘सार्थ’ हा शब्द दिसताच थांबावे आणि विचारावे : फरक किती होता? किती जणांत होता? आणि दुसऱ्या प्रयोगात तो पुन्हा आढळला काय? अनुवादकानेही जागा वाचविण्यासाठी आकडे गाळून नुसता शब्द ठेवू नये. शब्दाला अचूक पर्याय मिळेलच असे नाही. आकड्यांना मात्र अनुवाद लागत नाही. ते जसेच्या तसे वाचकापुढे ठेवता येतात.