गल्लीत फिरायचा कॅमेरा

भाच्याला रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर फोटो काढायचेत. त्यासाठी साहेब नवाकोरा फुलफ्रेम मिररलेस आणि हातभर झूम लेन्स घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, बाबा, बॉडी वापरलेली एपीएस-सी घे. पैसा २३ एमएम एफ/२ लेन्सवर घाल. फुलफ्रेमवर ३५ एमएम दाखवते तेवढंच दृश्य ती दाखवते, कमी उजेडात निभावते, मुठीत मावते. झूम नसल्यामुळे मालपुव्याच्या कढईपर्यंत आपणच चालत जायचं. तिथे सायलेंट शटर नको. एलईडीच्या उजेडात फोटोवर पट्टे उमटू शकतात. शिवाय ‘खट्’ ऐकू आलेलं बरं. चोरून टिपण्यापेक्षा सलाम करून विचारावं. बायका-मुलांचा फोटो तर विचारल्याशिवाय काढायचाच नाही. तो ‘हो मामू’ म्हणाला खरा, पण झूम अजून डोक्यात आहेच.