देणगी नको, प्रश्न पाठवा

परदेशात दोन मराठी इंजिनियर भेटले की एक तक्रार ठरलेली: ‘तिकडून येणाऱ्या नव्या मुलांना साधा प्रोग्रॅम लिहिता येत नाही हो!’

मी विचारतो, तुम्हाला तरी कॉलेजात येत होता का? खरं सांगा. सीनियरचं जर्नल आणायचं, प्रोग्रॅम उतरवायचा, खाली आउटपुटसुद्धा पेनानेच लिहायचं आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी सरांच्या सह्यांसाठी रांग लावायची. प्रोग्रॅमिंग आपण शिकलो ते पहिल्या नोकरीत, खरा प्रश्न अंगावर आला तेव्हा.

मग तो प्रश्न पहिल्याच वर्षी का देऊ नये? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये डॉक्टर घडवायला हीच वाट धरली: आधी रुग्णाचा प्रश्न, मग त्यासाठी लागेल ते शास्त्र. डेन्मार्कचं ऑलबोर्ग विद्यापीठ १९७४ पासून इंजिनियरही असेच घडवतं.

‘पण आधी पाया नको का?’ हवाच. लूप आणि अ‍ॅरे ठाऊक नसलेल्या मुलाला प्रश्नात ढकललं तर तो गटांगळ्याच खाणार. म्हणून दोन्हींची सांगड घालायची. पाया व्हिडिओवर. एनपीटेल, आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्यूटोरियल, सगळं फुकट आहे; घरी चारदा थांबवून पाहता येतं. वर्गातला वेळ मात्र प्रश्नासाठी. उदाहरणार्थ, होस्टेलच्या मेसमध्ये रोज किती पोळ्या उरतात? चौघांनी मिळून महिन्याच्या नोंदी आणायच्या. एखाद्या दिवसाची नोंदच नसेल तर तिथे शून्य धरायचं की तो दिवस वगळायचा? शून्य धरलं तर सरासरी खोटी पडते. हे सीनियरच्या जर्नलात सापडत नाही. आणि आज एआय प्रोग्रॅम लिहून देईलही, पण तो बरोबर आहे का हे ओळखायला हा प्रश्न आधी स्वतःला पडावा लागतो.

आता आपल्याबद्दल. जुन्या कॉलेजला आपण काय देतो? कॉम्प्युटर, प्रोजेक्टर आणि दारावर आपल्या नावाची पाटी. त्याच लॅबमध्ये मुलं पुन्हा तेच जर्नल उतरवतात. साठ-सत्तर मुलांचे पंधरा गट एकट्या सरांनी कसे सांभाळायचे? त्यांना यंत्रं नकोत, माणसं हवीत.

तेव्हा पाटी राहू द्या. तुमच्या कामातला एक छोटासा, खरा प्रश्न पाठवा आणि आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉलवर एका गटासोबत बसा. उत्तर सांगू नका. ‘हे असंच का केलंस?’ एवढंच विचारा.

तेवढंही जमणार नसेल, तर पुढच्या वेळी तक्रार तरी करू नका.