विलीन होणाऱ्यांचे मत

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ३ ऑक्टोबर २००६ रोजी आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि सांगलीची सांगली बँक १९ एप्रिल २००७ रोजी आयसीआयसीआय बँकेत. साडेसहा महिन्यांच्या अंतराने कृष्णाकाठच्या दोन शहरांनी आपापली बँक गमावली. त्याच २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी विमान कंपन्याही एकत्र करण्यात आल्या. तिन्ही घटनांवर त्या काळी भरपूर लिहिले गेले. भांडवलाची पर्याप्तता, शाखांचे जाळे, बाजारातील वाटा यांची चर्चा झाली. कर्मचाऱ्यांचे मत मात्र वाचकांपर्यंत आले ते संपाच्या किंवा निदर्शनांच्या बातमीतून, म्हणजे जवळजवळ उपद्रवाच्या रूपात. अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण या प्रकरणांत वापरली गेलेली भाषा हा नक्कीच आमचा प्रांत आहे आणि त्या बाजूने पाहिले तर काही गोष्टी वेगळ्या दिसतात.

प्रथम शब्दच घेऊ. पाण्यात मीठ विरघळते, त्याला आपण विलीन होणे म्हणतो. मिठात पाणी विलीन झाले असे कोणी म्हणत नाही. म्हणजे कोण उरणार आणि कोण नाहीसे होणार, हे या शब्दात आधीच ठरलेले असते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. पुढे वाहते ती कृष्णाच. संगम हा शब्द कितीही मंगल असला तरी पुढच्या गावांना वेण्णेचे नाव ऐकू येत नाही.

राजकीय अर्थाने हा शब्द आपल्याकडे रुळला तो संस्थानांच्या विलीनीकरणामुळे. येथे या दोन शहरांचा इतिहास मोठा चमत्कारिक योग घडवतो. साताऱ्याचे राज्य १८४८ साली डलहौसीच्या काळात खालसा झाले. सांगली संस्थान त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ साली, विलीन झाले. पहिल्यात वरून हुकूम आला, दुसऱ्यात सही झाली. बँकांचेही असेच घडले. युनायटेड वेस्टर्नवर २ सप्टेंबर २००६ रोजी, ऐन गणेशोत्सवात, व्यवहारस्थगिती आली. ठेवीदाराला दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा राहिली. महिन्याभरात योजना मंजूर झाली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बँक दुसऱ्याची झाली. हे बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमाखालचे, सक्तीचे सामिलीकरण. सांगली बँकेचे ४४-अ कलमाखालचे, म्हणजे संचालक मंडळ आणि भागधारक यांच्या संमतीचे. एक खालसा, एक विलीन. काउंटरमागे बसलेल्या माणसाला मात्र दोन्हींत फरक करता आला नसता, कारण दोन्ही कलमांत त्याच्या संमतीला जागा नाही.

हे जरा तपशिलाने सांगायला हवे. ४४-अ खाली मूल्याच्या हिशेबाने दोन तृतीयांश भागधारकांचा होकार लागतो. ज्याचा विरोध असेल त्याला भागांची किंमत मागता येते. ४५ खाली योजनेच्या मसुद्यावर संबंधित बँका, भागधारक, ठेवीदार आणि इतर धनको यांच्या सूचना व हरकती विचारात घेता येतात. या यादीत कर्मचारी नाही. त्याने हरकत घ्यायची तर ती ठेवीदार म्हणून घ्यावी, अशी ही गंमत. भागधारकांच्या वाट्याचा हिशेबही अगदी चोख लागला. युनायटेड वेस्टर्नच्या भागधारकाला एका भागामागे २८ रुपये मिळाले, सांगली बँकेच्या भागधारकाला ९२५ भागांमागे आयसीआयसीआयचे १०० भाग.

कर्मचाऱ्यांबद्दल कायदा काहीच बोलत नाही असे मात्र नव्हे. ४५ व्या कलमाखालील योजनेत ज्यांची सेवा पुढे चालू ठेवायची ठरेल त्यांना आधीच्याच वेतनावर व अटींवर ठेवावे आणि तीन वर्षांच्या आत नव्या बँकेतील समान दर्जाच्या सेवकांइतके वेतन द्यावे, असे तो सांगतो. अट एकच: शिक्षण आणि अनुभव समान किंवा समकक्ष हवा. सगळे रामायण त्या ‘समकक्ष’ शब्दात आहे. लहान बँकेत पदे कमी आणि बढत्या संथ. म्हणून वीस वर्षे शाखा सांभाळलेला माणूस हुद्द्याने खालीच असतो. मोठ्या बँकेत त्याच वयाचा माणूस दोन पायऱ्या वर. दोघे समकक्ष आहेत की नाहीत? शंका निघाली तर निर्णय रिझर्व्ह बँकेचा आणि तो अंतिम.

अशा प्रसंगी सर्वत्र ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘कर्मचाऱ्यांना सामावून घेतले जाईल.’ व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहावे असे हे वाक्य आहे. त्यात कर्त्याचा पत्ता नाही. ‘कर्मचाऱ्यांना’ असा प्रत्यय लागल्यामुळे क्रियापद त्यांचेही ऐकत नाही. कर्मचारी एक असो वा दोन हजार, स्त्री असो वा पुरुष, क्रियापद आपले नपुंसकलिंगी एकवचनी. भावे प्रयोगाच्या अंगाने जाणाऱ्या या रचनेत माणसे आहेत, पण वाक्यावर त्यांची सत्ता नाही.

दोन्ही बँकांतील कर्मचाऱ्यांचा कल सरकारी बँकेकडे होता आणि सांगली बँकेच्या बाबतीत खाजगी बँकेत जाण्याला विरोधही झाला. सुशिक्षित वर्गाने याचा अर्थ लावला तो असा की, यांना काम नको, सुरक्षितता हवी. आम्हाला हा अर्थ उथळ वाटतो. शाखेतला जुना माणूस जे सांगत होता त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक त्याच्या रांगेतील जागेची. दुसरी त्याच्या ज्ञानाची. हळदीच्या पेठेतील कोणता व्यापारी दिवाळीनंतर पैसे फिरवतो, तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हप्ता कोणत्या महिन्यात झेपतो, मुंबईला हमाली करणाऱ्या मुलाचे पैसे साताऱ्याच्या डोंगरी गावात कोणाच्या नावावर जमा होतात, हे त्याच्या डोक्यात होते. संगणकाच्या कोणत्याही रकान्यात ते नव्हते. विलीनीकरणात इमारत, ठेवी, कर्जे हस्तांतरित होतात. ही माहिती होत नाही. ती माणसाबरोबर बदलीच्या गावी जाते किंवा स्वेच्छानिवृत्तीबरोबर संपते.

याच्या उलट बाजूने एक बोलणे प्रामाणिकपणे मांडायला हवे. दोन्ही बँकांचे भांडवल आवश्यक मर्यादेच्या खाली गेले होते आणि ठेवीदारांचा पैसा भावनेवर सांभाळता येत नाही. शिवाय ओळखीवर चालणाऱ्या बँकेत ओळखीची कर्जे थकण्याचा धोका असतोच. कर्मचाऱ्यांच्या हाती निर्णय दिला असता तर १९३६ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी उभी केलेली बँक वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. सांगली बँक तर १९१६ ची, संस्थानी काळातली. तिच्याविषयीचा जिव्हाळा हा ताळेबंदाला पर्याय होऊ शकत नव्हता. आमचे म्हणणे इतकेच आहे की, नकाराधिकार आणि मौन या दोन टोकांच्या मध्ये विचारणे नावाची एक साधी क्रिया असते. धनकोला जी विचारणा होते ती सेवकाला का नसावी?

न विचारल्याची किंमत किती असते, हे विमान कंपन्यांच्या उदाहरणात अधिक उघडपणे दिसते. तेथे शब्द ‘विलीनीकरण’ नव्हता, दोन समान भावंडे एका नव्या कंपनीत येणार होती. कागद एक झाले, पण वैमानिकांच्या याद्या दोनच राहिल्या. सामान्य प्रवाशाला वैमानिकाचे भांडण पगाराचे वाटते. वस्तुतः ज्येष्ठतेच्या यादीवर तो सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा होणार, मोठ्या विमानावर केव्हा जाणार, हे सारे ठरते. २०११ साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी संप केला. २०१२ साली पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम थांबवले, कारण नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांनाही मिळणार होते. एकाच कंपनीतील दोन संघटनांचे हे परस्परविरोधी संप. श्रेणी आणि ज्येष्ठता कशी जुळवावी यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली, तीही एकत्रीकरणानंतर चार वर्षांनी. लग्न लावून चार वर्षांनी पत्रिका पाहायला बसावे, तसे हे झाले.

यातून पुढच्यांनी फारसे काही घेतले नाही. २०१० साली आयसीआयसीआयमध्ये बँक ऑफ राजस्थान विलीन होताना तेथील कर्मचारी संपावर गेले. एप्रिल २०२४ मध्ये, विस्तारा कंपनी एअर इंडियात जाण्यापूर्वी, नव्या वेतनकरारावर नाराज असलेले वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले आणि उड्डाणे रद्द करावी लागली; पुढच्याच महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तोच मार्ग धरला. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विलीन झाली. मत देण्याची जागा नसली की माणूस रजेच्या अर्जावर मत लिहितो.

साताऱ्याच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट आणखी घडली. खाजगी बँकेऐवजी सरकारचे बहुमत असलेल्या आयडीबीआयमध्ये आपण आलो, याचे समाधान त्यांच्यापैकी अनेकांना होते. जानेवारी २०१९ मध्ये आयुर्विमा महामंडळाने त्या बँकेतील ५१ टक्के हिस्सा घेतला आणि रिझर्व्ह बँकेने तिची गणना खाजगी बँकांत केली. महामंडळाशी साताऱ्याचे जुने नाते आहे. चिरमुले यांनीच काढलेली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी १९५६ साली राष्ट्रीयीकरणात याच महामंडळात गेली होती. त्या वेळच्या विमा कारकुनांना काय वाटले, हेही कोणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही. आपल्याकडे संस्थानिकांच्या तनख्यांची चर्चा १९७१ साली ते बंद होईपर्यंत चालली. संस्थानी दप्तरातले कारकून नव्या सरकारात कोणत्या श्रेणीत बसले, हा विषय कुणाच्या आत्मचरित्रात ओझरता येतो तेवढाच. गिरणी कामगाराला मराठी साहित्याने आवाज दिला, आणि तो योग्यच होता. बँकेतला कारकून मात्र बहुधा विनोदी लेखनाच्या वाट्याला गेला. त्याच्या चहाच्या वेळेवर आपण हसत राहिलो.

२००६ साली तिशीत असलेला कर्मचारी आज पन्नाशीत आहे. त्या वेळी पन्नाशीत असलेले निवृत्त होऊन साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत, कराडला राहत आहेत. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय लागतात आणि दरवर्षी आम्ही त्यांना त्याच चार कवींकडे पाठवतो. त्याऐवजी पाच-दहा जणांनी या माणसांकडे जावे, व्यवहारस्थगितीच्या त्या महिन्यात काउंटरवर काय बोलले गेले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शाखेच्या फलकावरचे जुने नाव उतरवले तेव्हा तो फलक कोणी घरी नेला का, हेही विचारावे.