निधी आमच्या नावाचा, खर्च कोणाचा?

अर्थसंकल्पात आमच्या नावापुढे हजारो कोटींचे आकडे छापले जातात. आकडा वाचून समाज सुखावतो. पण तो पैसा खर्च कशावर झाला, हे विचारायचे राहून जाते.

अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना 1979 साली सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचा आणि तो अन्यत्र वळवायचा नाही, हे तिचे सूत्र. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती 11.8 टक्के, तर पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात 12.6 टक्के आहेत. म्हणूनच जिल्हा वार्षिक योजनेतही आमचा रकाना वेगळा असतो.

या सूत्राचे काय झाले? मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले गेले. आदिवासी विकास विभागाचाही निधी गेला. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली.

लाभार्थींत दलित भगिनीही आहेत, असे उत्तर दिले जाते. आहेतच, आणि त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते राज्याच्या नागरिक म्हणून, सर्वसाधारण तिजोरीतून! विशेष घटक योजना त्याहून अधिकची तरतूद आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, भूमिहीनांना जमीन यांसाठी ती आहे. सर्वांसाठीचा खर्च आमच्या खात्यावर टाकला की कागदावर टक्केवारी भरते आणि वसतिगृहातल्या पोराचे ताट तसेच राहते.

बाबासाहेबांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 साली प्रसिद्ध केला. डिसेंबर 1939 मध्ये याच जिल्ह्यात हरेगावच्या वतनदार परिषदेत त्यांनी वतनी जमिनींवरील वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठवला. सरकारी हिशेब तपासण्याचा हा वारसा आम्ही का सोडावा?

आंध्र प्रदेश व कर्नाटकाने 2013 मध्ये या निधीसाठी कायदा केला. तरीही कर्नाटकात 2023 नंतर हाच पैसा ‘गॅरंटी’ योजनांना लावला गेला. तेव्हा फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने पळवाट नसलेला कायदा करावा, ही आमची मागणी आहे.

तोवर बांधवांनो, ग्रामसभेत उभे राहा. जिल्हा नियोजन समितीवरील सदस्यांना गाठा. किती मंजूर झाले, किती आले, कोणत्या वस्तीत खर्च झाले, हे लेखी मागा. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे. तो वापरा!