रागाला सवलत, छळाला नाही

बायको-मुलांना मेट्रो सिनेमापाशी सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगत रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, मग बायकोच्या प्रियकराला आधी कचेरीत आणि तेथे तो नाही म्हटल्यावर घरी गाठून गोळ्या घालून ठार केले. नौदलाचे कमांडर नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत हे केले, तरी ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1961 मध्ये उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप कायम केली. घर सोडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. एवढा वेळ भानावर यायला पुरेसा आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

त्या खटल्यापुरता हा निकष योग्यच होता. प्रश्न आहे तो सर्वांना हेच घड्याळ लावण्याचा. ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभा’मुळे आत्मसंयम सुटून हत्या झाली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. आरोपी सुटत नाही. फाशीची टांगती तलवार तेवढी दूर होते. पण ‘आकस्मिक’ या अटीचा लाभ कोणाला? क्षणात हात उगारणाऱ्याला. वर्षानुवर्षे मार खाणारी बाई तिथल्या तिथे उलटा वार करू शकत नाही; नवरा झोपला किंवा नशेत पडला की तिचा बांध फुटतो. मग कायदा म्हणतो, हा तर थंड डोक्याने केलेला खून!

इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया यांच्या बाबतीत हेच झाले. दहा वर्षांच्या छळानंतर 1989 मध्ये त्यांनी झोपलेल्या नवऱ्याला पेटवले. 1992 मध्ये अपिलात खुनाची शिक्षा रद्द झाली, पण ती मनोवस्थेच्या वेगळ्या मुद्द्यावर; प्रक्षोभाचा बचाव टिकला नाही. पुढे 2009 च्या कायद्याने तेथे ‘आकस्मिक’ ही अट काढली, गंभीर हिंसेच्या भीतीने संयम सुटणे हेही कारण मानले आणि केवळ जोडीदाराच्या बेइमानीचा आधार नाकारला. ठरवून उगवलेल्या सुडालाही त्यात थारा नाही. त्यामुळे अट काढली की खुनाला मोकळे रान मिळेल, ही भीती अनाठायी आहे.

आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने 1989 मध्येच दीर्घकाळ साचत गेलेल्या प्रक्षोभाची दखल घेतली होती. तरीही 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये 1860 च्या दंड संहितेतलीच अट जशीच्या तशी उतरली. वसाहतवादी कायदे मोडीत काढल्याचा डंका पिटणाऱ्यांना हे दिसले नाही का? छळ सोसणाऱ्या बाईला एखाद्या न्यायाधीशाच्या सहृदयतेवर सोडून देणे हा न्याय नव्हे. संसदेने ‘आकस्मिक’ची अट काढावी, सततचा छळ हा प्रक्षोभच मानावा आणि ‘इज्जती’च्या नावाने केलेल्या हत्येला ही सवलत नाही, हे कलमातच लिहावे.