सायलेन्सर चोरीला गेला म्हणून रिकामा डबा लावायचा का?

मित्रांनो, गेल्या महिन्यात सकाळी आमची ईको सुरू केली अन् सगळी गल्ली जागी झाली. ट्रॅक्टरसारखा आवाज! खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सर गायब. रात्रीतून कुणीतरी काढून नेला.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ओरिजनल लई महाग पडंल. साधा डबा टाकून देतो. आवाज बंद, काम खतम." मी टाकूनही घेतला. आठ दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मग चौकशी केली, तेव्हा आपली चूक कळली.

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, त्यात वेगवेगळी कामं आहेत. सगळ्या सिलिंडरचा धूर मॅनिफोल्ड एकत्र करतो. ऑक्सिजन सेन्सर त्यात किती ऑक्सिजन उरला ते बघतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर स्वच्छ करतो. आवाज मारणारा डबा त्याच्याही मागे. म्हणजे आवाज बंद झाला, तरी धूर स्वच्छ झाला असं नाही.

कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. जाळी तापली की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडचा साधा नायट्रोजन होतो. चोराला पत्रा नको, आतली ही 'माती' पाहिजे. ती सोन्याच्या तोलाची आहे. ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या राज्यात कितीदा पकडल्या गेल्या, बातम्या आपण वाचल्याच आहेत.

कुणी म्हणेल, हंगामात कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर एवढा धूर सोडत जातात, तिथं एका ईकोनं काय होणार? अहो, ट्रॅक्टरचा काळा धूर दिसतो, माणूस बाजूला सरकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीनं घट्ट धरतो. अन् आपली ईको उभी कुठं असते? शाळेच्या गेटसमोर, इंजिन चालू ठेवून. नळीच्या उंचीवर कुणाचं नाक येतं, विचार करा.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) प्रमाणे प्रदूषणाचे नियम मोडले तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण नळीत प्रोब न घालताच पीयूसी हातात पडत असेल, तर कायदा कागदावरच राहणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पीयूसी खरी तपासणी करूनच द्या. जुना सायलेन्सर विकत घेणाऱ्या भंगारवाल्यानं कुणाकडून घेतला याची नोंद ठेवावी, पोलिसांनी ती बघावी. गाडीवाल्यांनी सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरून घ्यावा आणि चोरी झाली तर तक्रार द्यावी. स्वस्तात 'ओरिजनल' मिळतोय म्हणून घेऊ नका, तो दुसऱ्या कुणाच्या गाडीखालून आलेला असू शकतो.

मी कन्व्हर्टरसकट नवीन बसवला. खिशाला चाट बसली, खोटं कशाला बोलू. पण चोरानं माझं नुकसान केलं, त्याची वसुली मी शेजारच्या लेकरांच्या छातीतून करणार नाही.

पटलं तर गाडीवाल्या मित्रांपर्यंत पोचवा.