उघड्या पत्त्यावर कुणाचा हक्क?

पाचोडच्या मोसंबी बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याने दुकानाच्या पाटीवर किंवा इंटरनेटवर आपला ई-मेल पत्ता दिला, की तो कुणीही टिपावा आणि त्यावर हवे ते पाठवावे, असा जाहिरातदारांचा पूर्वपक्ष आहे. पत्ता त्यानेच चव्हाट्यावर मांडला, मग तक्रार कसली?

हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. तो पत्ता मोसंबीच्या सौद्यासाठी दिलेला असतो. विम्याच्या आणि कर्जाच्या जाहिराती मागवण्यासाठी नव्हे. ज्या कामासाठी माहिती दिली त्या कामापुरतीच ती वापरावी, हे तत्त्व 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. कलम 7 मध्ये औषध दुकानाचे उदाहरणच दिले आहे: ग्राहकाने पैसे मिळाल्याचा मेसेज यावा म्हणून माहिती दिली, तर दुकानदाराने ती त्या पावतीसाठी वापरावी.

मात्र याच कायद्याच्या कलम 3 मध्ये भगदाड आहे. व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. संकेतस्थळे चाळून हजारो पत्ते उपसणाऱ्या सॉफ्टवेअरला एवढी वाट पुरते. ऑस्ट्रेलियाने 2003 मध्येच स्पॅमसाठी असे सॉफ्टवेअर आणि त्यातून जमवलेल्या याद्या पुरवणे, घेणे, वापरणे यांवर बंदी घातली. अमेरिकेच्या त्याच वर्षीच्या कायद्यात नियमबाह्य मेल अशा उपसलेल्या पत्त्यांवर गेली, तर दंड वाढतो. आपल्याकडे मात्र दूरसंचार नियामक ट्रायचे 2018 चे नियम आणि तक्रारीचा 1909 हा क्रमांक फोन व एसएमएसपुरतेच आहेत. ई-मेल त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

‘नको असेल तर डिलीट करा,’ हे दुसरे उत्तर तर निर्दयी आहे. गावाकडच्या अनेक मुलांचा ई-मेल महा ई-सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत, एखाद्या अर्जासाठी काढलेला असतो. भरतीचे हॉल तिकीट, शिष्यवृत्तीतली त्रुटी याच पत्त्यावर कळते. जाहिरातींच्या ढिगाखाली ती एक मेल गाडली गेली, तर वर्ष वाया जाते. तळाशी बारीक इंग्रजीत दडवलेली ‘अनसबस्क्राइब’ची लिंक शोधायची कुणी? आणि लबाड पाठवणाऱ्याच्या लिंकवर बोट लागले, तर पत्ता जिवंत असल्याची खात्री त्याला फुकटात मिळते. परवानगी आधी घेण्याचे ओझे पाठवणाऱ्यावरच हवे.

तिसरा आक्षेप असा, की ई-मेलवरच्या बंधनाने भाषणस्वातंत्र्याची गळचेपी होईल. त्यात तथ्य आहे, म्हणून तो गंभीरपणे घेतो. त्रासदायक ई-मेलसाठी आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ होते. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मतासाठी त्याच कलमाखाली अटक झाली. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि योग्यच केले. पण ते कलम लिहिणाऱ्याच्या मजकुराला हात घालत होते. इथे मजकुराचा प्रश्नच नाही. पत्ता कुठून मिळवला आणि संमती होती का, एवढेच तपासायचे आहे. भाषणस्वातंत्र्याला त्याने बाध येत नाही. लहान व्यापाऱ्यालाही येत नाही, कारण आपल्या गिऱ्हाइकाला विचारायला पैसे पडत नाहीत.

नोव्हेंबर 2025 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर झाले. संमतीच्या मुख्य तरतुदींना 18 महिन्यांचा अवधी आहे. तेवढ्यात संसदेने कलम 3 मधली सूट जाहिरातबाजीसाठी काढून घ्यावी आणि पत्त्यांच्या याद्यांची खरेदी-विक्री थेट बेकायदा ठरवावी. कलम 34 प्रमाणे दंडाची सारी रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. ज्याची परीक्षा हुकली, त्या मुलाला त्यातला रुपयाही मिळत नाही. भरपाईचा हक्क त्याच्या नावावर लिहिला गेला पाहिजे.